पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या जंगलाची मोजणी, दप्तर व बिनतारी जाळें

जमिनीवर पडलेल्या पावसापैकीं किती पाणी झाडांनीं घेतलें, किती हवेंत गेलें, किती ओढ्यानें वाहून नेलें, आणि त्या पाण्याबरोबर जमिनीचें सत्त्व किती गेलें, हा प्रश्न शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचें उत्तर अंदाजानें न देतां मापून द्यावें या हेतूनें अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत, व्हाइट मौंटन्स नांवाच्या डोंगरांत, हबर्ड ब्रूक येथें एक जंगल सन १९५५ पासून राखून ठेविलेलें आहे. तेथील शोध जगांत नांवाजलेले आहेत. परंतु प्रस्तुत लेखांत त्या शोधांपेक्षां त्यांच्या मागें असलेल्या दप्तराविषयीं लिहावें असा आमचा विचार आहे. कारण अलीकडच्या काळांत तेथील जुने नकाशे, कागदी आलेख व हातानें आणावयाच्या नोंदी मागें पडून त्यांच्या जागीं विमानांतून केलेली मोजणी, विजेवर चालणारीं नोंदयंत्रें व बिनतारी संदेशाचें जाळें आलें. हा बदल करतांना अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा जुना हिशेब बिघडूं न देणें हें काम यंत्रें विकत घेण्याहून पुष्कळ कठीण असतें, आणि तें कसें करावयाचें हें समजून घेण्यासारखें आहे.

हें जंगल अमेरिकन सरकारच्या वनखात्याच्या ताब्यांत असून त्याचें क्षेत्र तीन हजार हेक्टरांहून अधिक आहे. १९६३ सालीं बोरमन, लायकेन्स, पियर्स व जॉन्सन या चौघां शास्त्रज्ञांनीं तेथें पाण्याबरोबर त्यांतील रसायनांचाही हिशेब ठेवण्यास आरंभ केला. त्यांची कल्पना अगदीं साधी, म्हणजे आपल्या जमाखर्चाच्या वहीसारखी होती. डोंगरउतारावरील लहान लहान ओढ्यांचीं पाणलोट क्षेत्रें घ्यावयाचीं. खालील खडक बहुतेक अभेद्य असल्यामुळें पाणी खोल मुरून दुसरीकडे निघून जात नाहीं. तेव्हां पाऊस व बर्फ ही जमा, ओढ्याच्या तोंडाशीं मोजलेलें पाणी हा खर्च, आणि उरलेलें झाडांनीं व हवेनें घेतलें असें समजावयाचें. अशीं नऊ पाणलोट क्षेत्रें तेथें मापाखालीं आहेत. त्यांतील सहाव्या क्रमांकाचें क्षेत्र तुलनेकरितां जसेंच्या तसें ठेविलें असून तें १३.२ हेक्टर, म्हणजे आपल्या मापानें सुमारें ३२ एकर २५ गुंठे आहे. त्या भागांत वर्षाकाठीं सरासरी १४०० मिलिमीटरांच्या आसपास पर्जन्य पडतो व त्यांतला साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग ओढ्यानें जातो.

या वहीनें काय दाखविलें तें थोडक्यांत सांगतों. १९६५-६६ च्या हिवाळ्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या क्षेत्रांतील सर्व झाडें तोडून तेथेंच पडूं दिलीं, व पुढें तीन वर्षें तणनाशक मारून कांहीं उगवूं दिलें नाहीं. पहिल्याच वर्षीं ओढ्याचें पाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढलें. पाण्यांतून जाणारें नायट्रेट, म्हणजे आपण पैसे मोजून पोत्यांतून आणतों तेंच नत्र, कित्येक पटींनीं वाढलें. आपल्याकडे भर पावसांत उघड्या पडलेल्या रानांतून काय जात असेल याचा विचार वाचकांनींच करावा. दुसरें, पावसाच्या पाण्यांत आम्ल आहे हें तेथील १९६३ पासूनच्या नमुन्यांत आढळलें. तें आम्ल दूरदूरच्या गिरण्यांच्या व वीजघरांच्या धुरांतून येत होतें, आणि १९९० सालीं अमेरिकेनें हवेच्या शुद्धतेच्या कायद्यांत दुरुस्ती केली तेव्हां या जंगलाचे आंकडे पुराव्यांत होते. पुढें असें दिसलें कीं, आम्ल पावसानें जमिनींतील कॅल्शियम धुवून नेलें आहे. म्हणून १९९९ च्या ऑक्टोबरांत पहिल्या क्रमांकाच्या क्षेत्रावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकण्यांत आल्या, व कालांतरानें तेथील मेपल झाडांची प्रकृति सुधारली. हीं सर्व अनुमानें कालचें माप व आजचें माप एकमेकांशीं ताडून पाहतां येतें एवढ्याच एका आधारावर उभीं आहेत.

प्रथम नकाशाचें पाहूं. आमचें आयुष्य मोजणीच्या कागदांत गेल्यामुळें या भागावर आम्ही थोडे रेंगाळणार आहों. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणींत ३३ फुटी सांखळी होती, तिचे सोळा आणे पाडलेले असत, व सांखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा हें सर्वांस ठाऊक आहे. सांखळी उतारावर टाकावयाची नाहीं, ती आडवी ताणून धरावयाची व टोंकापासून ओळंबा सोडावयाचा, हा नियम जुने मोजणीदार कटाक्षानें पाळीत. याचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें. पंधरा अंशांच्या उतारावर जमिनीला लावून २५ मीटर मोजले तर आडवें अंतर २४.१५ मीटरच भरतें. क्षेत्रांत शेंकडा साडेतीनच्या जवळपास वाढ खोटी दिसते. पाऊस आकाशांतून पडतो, त्यास उतार माहीत नाहीं. तो आडव्या क्षेत्रावरच मोजला पाहिजे. हबर्ड ब्रूकचें सहावें क्षेत्र २५ मीटरांच्या चौकोनांत विभागलेलें असून असे दोनशेंहून अधिक चौकोन डोंगरावर आंखलेले आहेत. त्यांच्या कोपऱ्यावरचा खांब एक हात सरकला तर कोणतें झाड कोणत्या चौकोनांतलें, हा वाद सुरू होतो. बांधाच्या वादांत जन्म घालविणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको.

पाणलोटाच्या हद्दीस तर दगडही नसतात. जेथून पडलेला थेंब या ओढ्याकडे न येतां पलीकडच्या ओढ्याकडे वळतो ती धार म्हणजे हद्द. दाट रानांत ती धार डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जुने नकाशे पायीं केलेली मोजणी व आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें यांवरून तयार झालेले असतात. छायाचित्रांत झाडांचे शेंडे दिसतात, जमीन दिसत नाहीं. ही अडचण लायडार नांवाच्या मोजणीनें दूर केली. विमानांतून खालीं लेसर प्रकाशाचे ठोके दर सेकंदास लाखाच्या घरांत सोडतात व प्रत्येक ठोका परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढतात. कांहीं ठोके शेंड्यावरून परततात, कांहीं फांद्यांवरून, आणि जे पानांच्या फटींतून खालीं पोंचतात ते जमिनीवरून. पानगळीनंतर किंवा पालवी फुटण्यापूर्वीं विमान उडविलें म्हणजे जमिनीवर पोंचणारे ठोके वाढतात. शेवटच्या ठोक्यांपुरताच हिशेब ठेवला कीं, जणूं कांहीं जंगल उचलून बाजूला ठेविलें आहे अशी उघडी जमीन कागदावर उतरते. मीटर-मीटर अंतरावरची उंची मिळते. लहान ओघळी, जुन्या वाटा, खड्डे सर्व दिसतात. उपग्रहावरून स्थान सांगणारें जीपीएस यंत्र दाट झाडीखालीं अडखळतें, म्हणून मोकळ्या जागेंत पक्का बिंदु ठरवून तेथून झाडींत दुर्बिणीच्या मोजणीयंत्रानें रेघ न्यावी लागते. हें काम अजूनही पायींच करावयाचें आहे.

आतां असें समजा कीं, नव्या नकाशांत पाणलोटाची धार जुन्या रेघेपासून थोडी सरकली व क्षेत्र शेंकडा एकानें कमी भरलें. दर हेक्टरीं वाहून गेलेलें पाणी किंवा नत्र हें क्षेत्रानें भागून काढतात. नवें क्षेत्र आजपासून लावलें आणि मागील वर्षें तशींच ठेविलीं तर, जंगलांत कांहीं न घडतां, आंकड्यांत एक पायरी दिसेल, आणि वीस वर्षांनंतरचा कोणी अभ्यासक त्या पायरीचें कारण हवामानांत शोधीत बसेल. म्हणून एक तर सर्व मागील वर्षें नव्या क्षेत्रानें पुनः काढावयाचीं, नाहीं तर जुनेंच क्षेत्र चालू ठेवून नवें शेजारीं लिहावयाचें. दोन्हींपैकीं कांहीं केलें तरी कोणत्या तारखेस व कोणत्या आधारानें केलें, हें लिहून ठेवावयाचें. आपल्या फेरफाराच्या वहींत जुनी नोंद खोडून नाहींशी करीत नाहींत, तिला कंस करून नव्या नोंदीचा क्रमांक देतात. तत्त्व तेंच आहे.

नकाशानंतर पाण्याचें माप. ओढ्याच्या तोंडाशीं पक्का बंधारा बांधून त्यांत त्रिकोणी खांच ठेविलेली असते व त्या खांचेंतून पाणी किती उंचीनें वाहतें तें मोजतात. चौकोनी तोंडाऐवजीं त्रिकोणी कां, तर उन्हाळ्यांत धार अगदीं बारीक झाली तरी ती कोपऱ्यांत उंची दाखविते, व पुरांतही माप सांपडतें. परंतु या खांचेचा हिशेब तिखट आहे. उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाहीं, साडेपांच पटींहून अधिक होतें. उंचीच्या वाचनांत शेंकडा एकाची चूक झाली तर पाण्यांत अडीच टक्क्यांची होते. बंधाऱ्याशेजारीं शांत पाण्याची लहान विहीर असे, तींत तरंगता डबा व त्याला जोडलेलें टांक, आणि घड्याळाच्या चालीनें फिरणाऱ्या कागदावर तें टांक रेघ काढीत जाई. ठराविक दिवसांनीं माणूस डोंगर चढून कागद बदलून आणी. मग खालीं कचेरींत कोणी तरी त्या रेघेवरून आंकडे उतरून काढी. घड्याळ मागें पडणें, शाई वाळणें, कागद ओला होणें, हे सर्व प्रकार त्यांत येत. तरी आमचें मत असें कीं, त्या जुन्या कागदांस नांवें ठेवूं नयेत. कागदावर रेघ कोठें तुटली तें डोळ्यांस दिसतें. आंकड्यांच्या लांबलचक रकान्यांत तें सहसा दिसत नाहीं.

नव्या व्यवस्थेंत डबा तोच, विहीर तीच, परंतु टांकाच्या जागीं चाकाचें फिरणें विजेच्या खुणेंत उतरविणारें यंत्र असतें, व दर थोड्या मिनिटांनीं उंची आपोआप नोंदली जाते. पावसाचें माप वजनावरून घेतात, म्हणजे बर्फ पडला तरी चालतें. येथें महत्त्वाचा नियम असा कीं, जुनें यंत्र काढून त्याच दिवशीं नवें लावावयाचें नाहीं. दोन्ही शेजारीं शेजारीं कांहीं काळ चालवावयाचीं, पुराचे, कोरडे व बर्फाचे दिवस दोन्हींखालून जाऊं द्यावयाचे, आणि फरक निघाल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे तें पाहून मगच जुन्यास रजा द्यावयाची. धान्याचें माप बदलतांना शहाणा व्यापारी एकच रास दोन्ही मापांनीं मोजतो, तसेंच हें आहे. खर्च दुप्पट होतो. पैसे देणारांस तो वायफळ वाटतो, व नेमका हाच खर्च प्रथम कापला जातो. आमच्या मतें हा खर्च कापण्यापेक्षां दोन यंत्रें कमी घेतलेलीं बरीं.

यंत्रानें नोंद केली तरी ती डोंगरावरून खालीं आणली पाहिजे. त्यासाठीं बिनतारी जाळें. दऱ्यांत मोबाइलचा संदेश पोंचेलच असें नाहीं, म्हणून प्रत्येक ठिकाणचें यंत्र रेडिओनें जवळच्या उंच ठिकाणीं संदेश धाडतें व तेथून तो टप्प्याटप्प्यानें कचेरींत जातो. रेडिओस दोन ठिकाणांमध्यें मोकळी नजर लागते. पालवी फुटली कीं ओलीं पानें संदेश गिळतात, आणि हिवाळ्यांत नीट चाललेलें जाळें उन्हाळ्यांत दुबळें पडतें. सूर्यप्रकाशावर वीज करणारे पत्रे झाडांच्या सावलींत व बर्फाखालीं निरुपयोगी होतात, म्हणून बॅटरी मोठी ठेवावी लागते. विजेच्या कडकडाटांत उंच खांब हेंच लक्ष्य असतें. म्हणून चांगल्या मांडणींत यंत्राची स्वतःची स्मरणशक्ति ठेवतात. जाळें तुटलें तरी नोंद जागेवर शिल्लक राहते व जोडणी झाल्यावर खालीं येते. जाळ्याचा खरा लाभ घाईनें आंकडे पाहण्यांत नाहीं. यंत्र बिघडलें हें आठवड्यानें कळण्याऐवजीं त्याच दिवशीं कळतें, व सात दिवसांची नोंद बुडत नाहीं, हा तो लाभ.

मात्र जाळ्यामुळें माणसाची फेरी बंद करणें हें चुकीचें होईल. यंत्र आपल्यावर वाढलेली फांदी कळवीत नाहीं. आमच्या नोकरींत एके ठिकाणीं पर्जन्यमापकाशेजारीं कोणी हौसेनें लावलेलें कडुनिंबाचें रोप इतकें वाढलें कीं, कागदोपत्रीं त्या गांवचा पाऊस वर्षांमागून वर्षें घटत गेला, आणि शेजारच्या गांवीं मात्र तो होता तसाच राहिला. जंगलांत तर पर्जन्यमापकाभोंवतालची मोकळी जागा मुद्दाम छाटून राखावी लागते.

वेळेची गोष्ट लहान वाटते, पण तिनें मोठे घोटाळे होतात. अमेरिकेंत वसंत ऋतूंत घड्याळें एक तास पुढें करतात व शरद् ऋतूंत मागें घेतात. त्या दिवशीं एक तास नाहींसा होतो किंवा दोनदां येतो. पाऊस दोन वाजतां पडला आणि पूर एक वाजतां आला, असा चमत्कार वहींत दिसूं लागतो. यावर उपाय, सर्व यंत्रांस वर्षभर एकच वेळ लावावी. आपल्याकडेही मुंबई शहरानें १९५५ पर्यंत आपली निराळी वेळ ठेविली होती व ती हिंदुस्थानच्या प्रमाण वेळेहून ३९ मिनिटें मागें असे. त्या काळचे शहरांतील जुने कागद वाचतांना हें ध्यानांत ठेवावें लागतें.

आतां दप्तर. यंत्रें दर पांच मिनिटांनीं एक आंकडा देऊं लागलीं म्हणजे एका यंत्राचे वर्षास एक लाखावर आंकडे होतात. ते सर्व माणसानें पाहणें अशक्य, म्हणून गणकयंत्रास नियम शिकवितात: अमुकापेक्षां अधिक पाऊस पांच मिनिटांत पडूं शकत नाहीं; ओढा एका क्षणांत हातभर चढून दुसऱ्या क्षणीं उतरत नाहीं; उंची दिवसभर केसभरही हलली नाहीं तर डबा अडकला असावा. संशयित आंकडा पुसावयाचा नाहीं, त्याच्यापुढें खूण करावयाची. मूळ नोंद निराळी, हात न लावलेली. तपासलेली नोंद निराळी. व दोहोंमधील प्रत्येक दुरुस्तीचें कारण लिहिलेलें. पूर ही गोष्टच नियमाबाहेरची असते, आणि नियमानें पूरच पुसून टाकला तर ज्यासाठीं वही ठेविली तेंच गेलें.

शून्य व रिकामी जागा यांतील भेदाविषयीं एक उदाहरण देतों. महिन्यांतील तीस दिवसांपैकीं तीन दिवस यंत्र बंद होतें व उरलेल्या सत्तावीस दिवसांत २७० मिलिमीटर पाऊस झाला. रोजची सरासरी १० मिलिमीटर. बंद दिवसांस शून्य लिहिलें तर ती ९ होते, व कोणास संशयही येत नाहीं. कांहीं ठिकाणीं बंद दिवसाची खूण म्हणून उणें ९९९९ असा आंकडा लिहिण्याची चाल आहे. तो न ओळखतां बेरजेंत घेतला तर सरासरी उणें ९९१ च्या घरांत जाते. ही चूक हास्यास्पद असल्यामुळें ताबडतोब सांपडते. पहिली सांपडत नाहीं, म्हणून ती अधिक घातक.

प्रत्येक नोंदीबरोबर नोंदीची नोंद हवी: यंत्र कोणतें, कोठें, किती उंचीवर, केव्हां बदललें, माप कोणत्या एककांत. हबर्ड ब्रूक १९८८ पासून अमेरिकेंतील दीर्घकालीन परिसर-अभ्यासाच्या जाळ्यांत सामील असून त्या जाळ्यानें अशा नोंदींकरितां एकच ठराविक भाषा २००३ सालीं स्वीकारली. आंकडे आतां २०१६ सालीं निघालेल्या एका सार्वजनिक संग्रहांत ठेवतात. तेथें प्रत्येक संचास कायमचा क्रमांक मिळतो, दुरुस्ती केली कीं नवी आवृत्ति निघते, आणि जुनी तशीच राहते. कोणासही ते विनामूल्य पाहतां येतात. एकाच इमारतींतल्या एकाच कपाटांत दप्तर ठेवण्याचे दिवस गेले, हें त्यांनीं केलें तें उत्तम केलें. याच जाळ्यांतील ओरेगॉन संस्थानांतील अँड्र्यूज नांवाच्या प्रयोगाच्या जंगलांत २०२३ च्या ऑगस्टांत विजेमुळें वणवा लागून त्याचा मोठा भाग जळाला. झाडें, खांब व यंत्रें जळतात. जी नोंद अगोदरच अन्यत्र पोंचली आहे ती जळत नाहीं, आणि वणव्यापूर्वींचें जंगल कसें होतें हें तिच्यावरूनच सांगतां येतें.

हें सर्व दूरदेशचें म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. महाराष्ट्रांत महावेध नांवाच्या योजनेखालीं २०१७ च्या सुमारास महसूल मंडळांगणिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभारण्यांत आलीं, व हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत अशा केंद्रांच्या आंकड्यांवर भरपाईचा निकाल लागतो. म्हणजे एका खांबावरील लहानशा यंत्राची नोंद ही पुष्कळ बागाईतदारांच्या पैशाची गोष्ट आहे. आपल्या मंडळाचें केंद्र कोठें आहे, भोंवतीं झाडें किंवा इमारत उठली आहे काय, बंद दिवस शून्य म्हणून धरले जातात कीं रिकामे, हें विचारण्याचा हक्क विमा भरणारास आहे. तक्रार नुसती तोंडी करूं नये. आपल्या शेतांत साधें पर्जन्यमापक मोकळ्या जागीं रोवून रोज सकाळीं ठराविक वेळीं वाचावें, तारीखवार लिहावें, व ज्या दिवशीं वाचलें नाहीं त्या दिवशीं तसें स्पष्ट लिहावें. एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारें एक लाख तीन हजार लिटर पाणी. एवढा एक आंकडा पाठ असला तरी विहिरीचा व शेततळ्याचा हिशेब घरीं करतां येतो.

एक गोष्ट राहिली. इतकीं यंत्रें व एवढें जाळें झालें तरी हबर्ड ब्रूक येथें पाण्याच्या बाटल्या, मातीचे व झाडांचे नमुने एका निराळ्या इमारतींत फळ्यांवर जपून ठेवतात. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं गव्हाचा प्रयोग सुरू केला व १८५३ सालीं एकराच्या सहस्रांश क्षेत्राचें मोठें पर्जन्यमापक बांधलें. तेथेंही पिकांचे व मातीचे सुमारें तीन लाख नमुने बाटल्यांत व डब्यांत भरून ठेविलेले आहेत. कारण पुढें कोणता प्रश्न विचारला जाईल हें आज ठाऊक नसतें, आणि मोजलेला आंकडा पुनः मोजतां येत नाहीं, बाटलींतील माती मात्र नव्या यंत्रांत घालतां येते. त्या बाटल्यांवर जागा, थर व वर्ष लिहिलेलें असतें, म्हणून त्या उपयोगीं पडतात.